सोपानराव आणि दुसऱ्यांचे मस

आमच्या डोंगरकडा गावात एखाद्याच्या गालावर, हनुवटीवर लाल ठिपके दिसले तर घाबरायचं कारण नाही. तो माणूस सोपानरावांच्या दुकानात दाढीला बसला होता आणि साबण लावायच्या आधी फोन आला म्हणून तसाच उठून रस्त्यावर आला आहे, एवढंच समजायचं.

सोपानराव वस्तरा हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाचं तोंड दाराच्या उजेडाकडं वळवतात. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात. मग जिथं मस, तीळ, चामखीळ दिसेल तिथं करंगळीच्या टोकानं ठिपका देतात. व्हॅसलीनमध्ये कालवलेलं कुंकू असतं ते. साबणाचा ब्रश ठिपक्यांना वळसा घालून फिरतो आणि वस्तरा तर दोन बोटं लांबूनच माघारी येतो. त्यामुळं त्यांच्याकडून दाढी करून निघालेल्या माणसाच्या प्रत्येक मसाभोवती केसांच्या खुंटांचं एक बेट उरतं. आमच्या शाळेचे शिपाई गणपतराव यांच्या तोंडावर सात मस आहेत. त्यांची दाढी झाली की व्हायची आहे, हे त्यांच्या बायकोलाही सांगता येत नाही.

तरी गाव त्यांच्याकडंच जातं. हात इतका हलका की माणूस खुर्चीतच पेंगतो. निदान सोपानराव बोलायला लागेपर्यंत तरी.

अकरा वर्षांपूर्वी इथल्या हायस्कूलला गणित शिकवायला आलो, तेव्हा पहिल्याच रविवारी मी त्या खुर्चीत बसलो. माझ्या डाव्या गालावर हरभऱ्याच्या डाळीएवढा मस होता. तो बघून सोपानरावांचा हात थांबला.

"हा कधीपासून हाय?"

"लहानपणापासून."

"वाढला का?"

"माझ्याबरोबर वाढला असेल."

"हसू नका सर. रगत आलतं का कधी? खाजते का? रंग बदलला?"

"मी दाढीला आलोय, सोपानराव."

"दाढी व्हईल. आधी हे सांगा."

वस्तरा माझ्या गळ्यापासून चार बोटांवर होता. मी सगळं सांगितलं. खाजत नाही, रक्त नाही, रंग तोच. त्यांनी अंगठ्यानं मसाच्या कडेकडेनं चाचपलं, मसाला मात्र हात लावला नाही. मग सुस्कारा सोडून म्हणाले, "झोपेल हाय. उठवू नका."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मस म्हणजे त्यांच्या लेखी अंगणात झोपलेलं एखादं जनावर. कुणी खाजवू नये, ओढू नये, त्याच्यावर चुना लावू नये, त्याच्याविषयी मोठ्यानं बोलूही नये. त्या दिवशी घरी गेल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी आरशात मसाकडं भीतीनं पाहिलं. त्याच्याआधी तो नुसता माझ्या गालावर होता.

सोपानरावांचं स्वतःचं तोंड मात्र कोरं करकरीत. साठी उलटली तरी एक तीळसुद्धा नाही. म्हणजे भीती सगळी दुसऱ्यांच्या मसांची.

त्यांना त्यातलं कळायचं मात्र फार. गावात कुणी मस काढून आलं की दोन-तीन महिन्यांत सोपानरावांच्या अंगठ्याखाली यायचंच. डॉक्टर पेशंटला एकदा बघतो, फार तर दोनदा. सोपानराव तीच जागा आठवड्याच्या आठवड्याला, वर्षानुवर्षं बघतात. उत्तमराव म्हणून एक मेंढरं राखणारे गृहस्थ आहेत. त्यांनी मानेवरच्या चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस करकचून बांधला. आठ दिवसांत चामखीळ वाळून पडली. उत्तमरावांना इतका उत्साह आला की त्यांनी नाकाच्या शेंड्यावरच्या मसालाही केस बांधायचं ठरवलं. तो मस होता चपटा, केस राहीना. मग त्यांनी आधी तो चिमटीत धरून वर ओढला. पुढं नाक सुजून वांग्याएवढं झालं आणि मेंढरंसुद्धा त्यांना ओळखीनात, असं गावात अजून सांगतात.

"लोंबती चामखीळ येगळी, मस येगळा," सोपानराव सांगायचे. "ह्या मानसाला तेवढंबी कळलं न्हाई. आन जे बांधून मारलं ते गेलं उकिरड्यात."

कोंडबा नावाच्या एकानं चुना आणि धुण्याचा सोडा कालवून गालावर लावला होता. मस गेला, पण तिथं चिंचोका बसेल एवढा खड्डा राहिला. त्या खड्ड्यात केस उगवतात आणि वस्तरा आत पोचत नाही. सोपानराव बारक्या कात्रीनं ते केस कापत आणि प्रत्येक कापाला कोंडबाला एक शिवी देत. कोंडबाही ती निमूट ऐकून घेई.

गावातल्या बँकेतल्या एका साहेबानं परभणीला जाऊन करंटनं मस जाळून घेतला होता. दोन आठवडे खपली, मग खाली गुलाबी, मग पांढुरका गोल डाग. सावळ्या माणसाच्या तोंडावर पांढुरका डाग लांबून दिसतो. सरपंचांच्या पुतण्यानं लग्नाआधी लेझर केलं. तोंड असं चोपडं झालं की सोपानरावांनी सुद्धा मान्य केलं, "काम झ्याक हाय." पण वर्षानं त्याच जागी पुन्हा काळं डोकं वर आलं. त्या दिवशी त्यांनी पुतण्याची दाढीच केली नाही. "आधी डागतरला दाखव, मंग ये," म्हणून अर्ध्या साबणावरून उठवला.

मला सगळ्यात मजा वाटली ती एका शिक्षिकेच्या नवऱ्याची गोष्ट ऐकून सोपानराव बिथरले तेव्हा. त्या गृहस्थाचा मस डॉक्टरनं पात्यानं कातडीबरोबर सपाट कापला होता. टाका नाही, काही नाही.

"म्हंजे दाढीच केली की!" सोपानराव ओरडले. "अन मी इतकी वर्सं जीव मुठीत धरून लांबून वस्तरा फिरवून राहिलो!"

पण हे सगळं सांगून झालं की त्यांचा शेवटचा प्रश्न एकच असायचा. खुर्चीतला माणूस शेतकरी असो की साहेब, ते खाली वाकून हळूच विचारत, "काढलेला तुकडा तपासाया धाडलता का?"

बहुतेकांना तुकडा म्हणजे काय हेच कळायचं नाही. मग सोपानराव गप्प होत आणि उरलेली दाढी एक शब्द न बोलता करत. मला ते विक्षिप्तपणाचंच एक अंग वाटायचं.

त्यांची मुलगी लता सेनगावकडच्या पुसेगावला दिली आहे. सणावाराला येते. एका नागपंचमीला ती आली तेव्हा मी दुकानात होतो. एसटीतून उतरलेली, कडेवर एक लेकरू, हाताशी एक, खांद्याला पिशवी. सोपानराव धावतच बाहेर गेले. मला वाटलं, पिशवी घेतील. त्यांनी तिला दुकानाच्या पायरीवर उन्हात बसवलं आणि म्हणाले, "तोंड इकडं कर."

लतानं सवयीनं मान वळवली. तिच्या उजव्या जबड्याच्या कडेला, कानाखाली एक मस होता. सोपानरावांनी शर्टाच्या खिशातून तुरीचा एक दाणा काढला, मसाशेजारी धरला, डोळे बारीक करून पाहिलं.

"तेवढाच हाय," ते म्हणाले.

"तेवढाच हाय, बाबा."

"खाजते?"

"न्हाई."

मग त्यांनी नातवंडांना जवळ घेतलं. लता तशीच पायरीवर बसून होती. तिला कुणी पाणी विचारलं नव्हतं. मी आतल्या माठातून तांब्या भरून दिला तेव्हा ती हसली, पण ते हसू मला काही बरं वाटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात माझाच मस उठला. घरी घाईत दाढी करताना ब्लेड लागलं. रक्त थांबेना. महिन्याभरात पुन्हा तेच झालं. बायको म्हणाली, एकदाचा काढून टाका. हिंगोलीला त्वचारोगाच्या एक डॉक्टरीणबाई बसतात, त्यांचं नाव चांगलं होतं. मी सोपानरावांच्या कानावर घातलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"रगत आलं?"

"ब्लेड लागलं म्हणून आलं."

"दोनदा?"

"दोनदा."

ते बाकावर बसले. बराच वेळ वस्तऱ्याची मूठ नुसती पुसत राहिले. मग म्हणाले, "मी येतो संग. काय करतेत ते पाहतो."

बाळापूर, कळमनुरी असं करत एसटी हिंगोलीला पोचेपर्यंत त्यांनी मला इतक्या गोष्टी सांगितल्या की मला स्वतःच्या गालाची धास्ती वाटायला लागली. लेझर घेऊ नका, मूळ आत राहते. करंट घेऊ नका, जळून जाते. कापून घ्या, पण टाक्याची रेघ येते. रेघ आली तर येऊ द्या. दर पाच मिनिटांनी ते माझ्या गालाकडं पाहत आणि लगेच खिडकीबाहेर पाहत. कळमनुरीच्या स्टँडवर मी उतरून परत फिरायचाच विचार करत होतो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. दिवा लावलेलं एक भिंग माझ्या गालाला टेकवून त्यांनी पाहिलं. "साधा आहे. घाबरू नका," त्या म्हणाल्या. "पण दाढीत सारखा कापला जातो तर काढून टाकू."

"कशानं?" सोपानरावांनी विचारलं.

"तुम्ही यांचे वडील का?"

"न्हाई. मी यांची दाढी करतो."

बाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. दुसरी कुणी असती तर त्यांना बाहेर बसवलं असतं. या बाई म्हणाल्या, "बसा काका. विचारा."

मग सोपानरावांनी जितकं नेमकं विचारलं, तितकं मी गणिताच्या कुठल्या परीक्षेतही विचारलेलं पाहिलं नाही. बाईंनीही एकेक गोष्ट सोपी करून सांगितली. लेझर चपट्या, वरवरच्या तिळाला ठीक. खोल मस असेल तर रंग जातो पण मूळ राहू शकतं, मग तो पुन्हा दिसतो. करंटनं जाळलं की काम पटकन होतं, खपली पडते, कधीकधी फिक्का डाग राहतो. उंच मस असेल तर पात्यानं कातडीलगत सपाट कापायचा. टाके लागत नाहीत, भरूनही छान येतं, पण कधी परत थोडा वर येतो. आणि पूर्ण मुळासकट काढायचा तर लांबट काप घेऊन टाके. तिथं बारीक रेघ राहते.

"आन तुकडा?" सोपानरावांचा आवाज एकदम खाली आला होता.

बाई थांबल्या. "बरोबर विचारलंत. लेझर केलं किंवा जाळलं की तपासायला काही उरत नाही. म्हणून थोडीही शंका असेल तर आम्ही जाळत नाही. कापतो आणि तुकडा तपासायला पाठवतो. यांचा साधाच दिसतो, पण कापणारच आहोत तर पाठवू."

सोपानरावांनी मान हलवली. हलवतच राहिले.

माझा मस उंच होता, म्हणून पात्यानं कापायचं ठरलं. सोपानरावांनी आधी पातं बघायला मागितलं, उजेडात धरलं आणि "चांगलं हाय" म्हणून परत दिलं. ते माझ्या उशाशी माझा हात धरून उभे राहिले. बाईंनी बधिर करायची सुई गालाजवळ आणली. मला मुंगी चावल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी माझा हात सुटला. सोपानराव भिंतीला घसरत खाली बसले होते. नर्स मला सोडून त्यांना पाणी द्यायला धावली.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. बाईंनी डाळीएवढा तो तुकडा एका छोट्या बाटलीत टाकला. सोपानराव जमिनीवर बसल्या बसल्या त्या बाटलीकडं टक लावून पाहत होते.

रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी येऊन उभे. "आला का?" मी नाही म्हणायचो. ते जायचे. चौथ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेतली पोरं मला बघून आपसात "आला का?" करायला लागली. मी रागावलो, पण खरं सांगायचं तर तोवर मीही दर तासाला मोबाईल बघायला लागलो होतो. बाई साधा म्हणाल्या होत्या. मग हा माणूस इतका का घाबरतो? याच्या अंगठ्याला असं काय कळलंय, जे त्या भिंगाला कळलं नाही? वर्गात फळ्यावर समीकरण मांडताना माझा हात आपोआप गालावरच्या पट्टीकडं जायचा.

रविवारी पट्टीच्या कडेनं दाढी करून घ्यायला गेलो. सोपानरावांनी वस्तरा उचलला. पट्टीजवळ आणून मधेच थांबवला. त्यांनी तो खाली ठेवला.

"आज न्हाई जमत, सर."

"सोपानराव, माझ्यापासून काही लपवता का? माझं काही वाईट दिसतंय का तुम्हाला?"

ते एकदम माझ्याकडं वळले. "न्हाई न्हाई! तुमचं चांगलंच हाय. तुमच्यावरून मला काय आठवून राहिलं, ते तुमाला काय सांगू."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ते बाकावर बसले आणि त्यांनी सांगितलं.

त्यांची बायको सुभद्राबाई. तिच्या जबड्याच्या कडेला, कानाखाली मस होता. पहिली काही वर्षं कुणाचं लक्षही नव्हतं. मग तो खाजायला लागला, जरा वाढला. बाळापूरच्या बाजारात एक माणूस टेबल मांडून बसायचा. बॅटरी, तार, सुई. पाच मिनिटांत मस गायब.

"ती म्हनली, मला भेव वाटून राहिलं. मी म्हनलो, त्यात काय भ्यायचं? काढून टाक, तोंड कसं साफ व्हईल. मी स्वतः तिचा हात धरून बसलो, सर. जळाल्याचा वास आला. ती काई ओरडली न्हाई. घरी येताना मी तिला म्हनलो, बघ, झालं का न्हाई?"

काही महिने बरे गेले. मग त्याच डागाखाली पुन्हा काळं आलं, आणि गळ्यात गाठ. नांदेडला मोठ्या डॉक्टरकडं नेलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आधी काढलेला तुकडा कुठं आहे? तपासला होता का?

"मी काय सांगनार? तुकडा होताच कुठं? धूर झाला त्याचा." सोपानरावांनी पंच्यानं तोंड पुसलं. "डागतर लई भला मानूस. म्हनला, जाळलं म्हणून झालं असं समजू नका. ते आधीच होतं. पण तपासलं आसतं तर कळलं आसतं. पुढच्या पोळ्याला ती न्हवती. लता नऊ वर्साची."

त्यांनी वस्तरा मिटून ठेवला.

"आन लताला बी मस हाय," ते म्हणाले. "त्याच जागी. जन्मापासून. पोरगी तीन साल झाले म्हणून राहिली, बाबा काढून टाकू. सेनगावात पार्लरवाली बाई हाय, करंट मारते. मी म्हनतो, थांब, मी पाहून राहिलो. हात लावला तर भेव. न्हाई लावला तरी भेव. कोनतं बराबर, ते मला कसं कळावं? म्हणून ज्याचा त्याचा मस पाहत बसलो."

रिपोर्ट नवव्या दिवशी आला. स्टाफरूममध्ये मोबाईलवर वाचला आणि तास सोडून दुकानात गेलो. सोपानराव एका गिऱ्हाइकाला साबण लावत होते. मी वाचून दाखवला. साधा मस, काळजीचं काही नाही. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग ते साबणाचा ब्रश हातात तसाच धरून दाराशी गेले आणि तिथून म्हणाले, "सर, लताला फोन लावून देता का? माझी बोटं वल्ली हायेत."

पुढच्याच आठवड्यात लता पुसेगावहून हिंगोलीला आली. आम्ही स्टँडवर भेटलो. मला त्यांनी सोबत यायला लावलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तेच भिंग तिच्या जबड्याला लावलं. फार वेळ पाहिलं. तेवढ्या वेळात सोपानराव खुर्चीच्या कडेला येऊन बसले.

"साधा आहे," बाई म्हणाल्या. "कडा नीट आहेत, रंग एकसारखा, जन्मापासून तेवढाच. तुमच्या आईचं तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. वर्षातून एकदा दाखवत जा. काढायची मात्र काही गरज नाही."

सोपानराव खुर्चीत मागं टेकले. "झालं तर मंग. झोपेल हाय. राहू द्या त्याला."

"काढा, म्याडम," लता म्हणाली.

"काहून?" सोपानराव दचकले. "म्याडम म्हनल्या ना, गरज न्हाई म्हणून?"

लता बापाकडं न बघता बाईंशी बोलत होती. आवाज चढवून नाही, तक्रारीनंही नाही. "मी घरी आले की बाबा मसाकडं पाहतेत. फोन केला की मसाचं इचारतेत. लग्नात अक्षता पडल्या तवा बी ह्यांची नजर तिथंच होती. मी आजारी पडले, मला लेकरं झाली, तरी तेच. चोवीस वर्सं झाली म्याडम, माझ्या तोंडाकडं पाहिलंच न्हाई त्यांनी. हा गेला तर तोंडाकडं तरी पाहतील."

सोपानरावांनी चष्मा काढून हातात घेतला.

बाईंनी भिंग बाजूला ठेवलं. "मुळासकट काढते," त्या म्हणाल्या. "टाके घालून. आणि तुकडा पाठवते. काका, चालेल?"

सोपानरावांनी मान हलवली. त्यांनी या वेळी आत यायचा हट्ट केला नाही. बाहेर बाकावर माझ्या शेजारी बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आतून काही आवाज आला की त्यांचं अंग आक्रसायचं. एकदाच म्हणाले, "मला वाटलं, मी तिला सांभाळून राहिलो."

टाके सहाव्या दिवशी निघाले. रिपोर्ट त्यानंतर चार दिवसांनी. त्या दिवशी बाईंनी दोघांना बोलावलं, मीही गेलो. साधा मस, पूर्ण निघालेला. बाईंनी जखम पाहिली, उन्हात जाताना पदर घ्यायला सांगितला. जबड्याच्या कडेला एक गुलाबी रेघ होती, नखाएवढी. ती महिन्या-दोन महिन्यांत फिकट होईल म्हणाल्या.

एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. लता समोरच्या बाजूला बसली होती. सोपानराव आधी टेबलाकडं पाहत होते, मग कपाकडं, मग बाहेरच्या गाड्यांकडं. नजर कुठं ठेवायची ते त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी मान वर केली आणि लेकीकडं पाहिलं. पाहतच राहिले. तिलाही ते अवघड झालं. तिनं पदर सावरला.

"लते," ते म्हणाले, "वाळली काहून गं एवढी?"

"मी अशीच हाय, बाबा. धाकटा झाला तवापासून."

"आन डोळ्याखाली हे काळं?"

लताचा हात झटकन चेहऱ्याकडं गेला. "कुठं?" ती घाबरून म्हणाली. "कुठं, बाबा?"

"तसलं न्हाई गं," सोपानरावांनी तिचा हात धरून खाली आणला. "तसलं काई न्हाई. दमलेली दिसून राहिली. लई काम पडते का तिथं?"

तिनं कप बाजूला सारला. मग बोलायला लागली. सासूचे गुडघे धरलेत, शेळ्यांचं सगळं तिच्यावरच आलंय, धाकटा रात्रभर उठवतो, पाठ दुखते, कुणाला सांगावं. सोपानराव ऐकत होते. मधेच "व्हय?" म्हणत होते. पुसेगावकडं जाणारी गाडी लागली, भोंगा वाजला, गाडी गेली. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

पुढची गाडी दीड तासानं होती. मी माझा कप उचलून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसलो.